हालचाल रेषेत पकडणारा डॉक्टर

नाडीवर बोट ठेवले की ठोके जाणवतात, पण बोट उचलताच ते हरवतात. त्यांची नोंद उरत नाही. १८३० मध्ये फ्रान्समधील बोन येथे जन्मलेले डॉक्टर एटियेन-ज्यूल मारे यांना हीच उणीव खटकत होती. १८६० मध्ये त्यांनी मनगटावर बसवायचे नाडीलेखक यंत्र तयार केले. ठोक्यासरशी हलणारी तरफ काजळी धरलेल्या कागदावर नाडीची रेषा उमटवत असे.

मग प्रत्येक हालचालीची अशी रेषा मिळवण्याचा ध्यासच त्यांनी घेतला. १८७८ च्या ग्रंथात त्यांनी पॅरिस-लिऑन रेल्वेचे इब्री यांच्या पद्धतीचे आलेखरूपी वेळापत्रक दिले. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्थानके, म्हणजेच अंतर. यातला रेषेचा चढ हा घाटाचा चढ नव्हे. तो वेग सांगतो. रेषा जितकी तीव्र चढेल, तितकी गाडी वेगवान. रेषा आडवी झाली की गाडी थांबलेली. दोन रेषा छेदतात तिथे गाड्यांची गाठ पडते.

१८८२ मध्ये मारे यांनी सेकंदाला १२ चित्रे टिपणारी छायाचित्र-बंदूक बनवली. पुढे चालत्या माणसाच्या प्रतिमा ते ठरावीक वेळाने एकाच काचेवर घेऊ लागले. लागोपाठच्या दोन प्रतिमांमधले अंतर वाढले, की वेग वाढला हे उघड दिसे.

१९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. रुग्णालयातील मॉनिटरवर सरकणारी नाडीची रेषा आणि रेल्वे नियंत्रण कक्षातील तिरप्या रेषांचा तक्ता, दोन्ही आजही त्याच पद्धतीने वाचले जातात.