डॉ. दत्ता सामंत : शेकडो पगारवाढी मिळवणारा नेता गिरण्यांत का अडला?

मुंबईतील कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांचे नेते डॉ. दत्ता सामंत यांचा संघर्ष पगारवाढीइतकाच वाटाघाटीच्या हक्कासाठीही होता.

डॉक्टर ते कामगार नेते

१९३२ मध्ये सिंधुदुर्गातील देवबाग येथे जन्मलेल्या सामंतांनी एमबीबीएस झाल्यावर घाटकोपरमध्ये दवाखाना थाटला. तिथे येणाऱ्या खाणकामगारांचे हाल पाहून ते कामगार चळवळीत आले. १९७२ मध्ये काँग्रेसचे आमदार झाले. आणीबाणीत मात्र त्यांना तुरुंगात जावे लागले.

वाटाघाटीची पद्धत काय होती?

आधीच्या करारावर ठराविक टक्के वाढ, हे गणित त्यांना मान्य नव्हते. कंपनीच्या ताळेबंदापेक्षा कामगाराचा घरखर्च पाहून ते थेट मोठी मागणी ठेवत आणि ती मान्य होईपर्यंत संप ताणत. अनेक अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांनी अशी घसघशीत वाढ मिळवली. बोनसवर नाराज असलेले गिरणी कामगार १९८१ च्या अखेरीस त्यांच्याकडे आले, ते यामुळेच.

गिरण्यांत पेच काय होता?

गिरण्यांना मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ लागू होता. त्यानुसार वेतनकराराचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. ही मान्यता सदस्यसंख्येवर मिळे. कामगारांचे गुप्त मतदान होत नसे. बहुसंख्य कामगार सामंतांच्या मागे असूनही मालक त्यांच्याशी बोलायला बांधील नव्हते. त्यामुळे पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करण्याबरोबरच हा कायदा रद्द करण्याचीही मागणी होती. त्यावर ना सरकार झुकले, ना मालक.

पुढे काय झाले?

संप वर्षाहून अधिक काळ चालला आणि अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. एक लाखाहून अधिक कामगारांची नोकरी गेली. अनेक कुटुंबे गावी परतली. गिरण्या आधीच अडचणीत असताना सामंतांनी संप फार ताणला, अशी टीका आजही होते.

१९८४ मध्ये काँग्रेसची लाट असतानाही सामंत मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून अपक्ष खासदार झाले. गिरणगावाच्या मतदारांनी त्यांना संसदेत पाठवले. गिरणीत मात्र आपल्या वतीने कोणी बोलायचे, हे मत देऊन ठरवण्याची सोय कामगारांना नव्हती.

१६ जानेवारी १९९७ रोजी पवईत सामंतांची गोळ्या झाडून हत्या झाली. दोन दिवसांनी संपाला १५ वर्षे पूर्ण होणार होती.