प्रभातचे दामले मामा

मराठी बोलपटाचा विषय निघाला की ओठांवर प्रथम शांतारामबापूंचे नाव येते, आणि ते रास्तच आहे. परंतु ‘प्रभात’च्या ज्या एका चित्रपटाने मराठी घरांत जवळजवळ देव्हाऱ्यातील जागा मिळविली, तो ‘संत तुकाराम’ शांतारामबापूंनी दिग्दर्शित केलेला नव्हे. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. ही नावे नेहमी अशी जोडीनेच येत, त्यामुळे लहानपणी आम्हांस ते एकाच गृहस्थाचे नाव व आडनाव वाटत असे! पुढे कळले की त्यांतील एक पेणचे विष्णु गोविंद दामले आणि दुसरे कागलचे शेख फत्तेलाल. स्टुडिओतील मंडळी एकास दामले मामा व दुसऱ्यास साहेबमामा म्हणत. येथे आम्ही सांगणार आहोत ते दामले मामांविषयी.

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी झाला. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापुरास आले आणि आनंदराव व बाबूराव या पेंटर बंधूंच्या सहवासात नाटकांचे पडदे रंगवू लागले. आनंदराव १९१६ साली अकाली निवर्तले. चित्रपट काढण्याचे त्यांचे स्वप्न बाबूरावांनी उराशी धरले. पण चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा, आणि तो विकत घेण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. तेव्हा बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला. त्याच कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

आपल्या जबलपूरच्या वाचकांस या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. गन कॅरेज फॅक्टरीत आणि खमरियात ज्यांची उभी हयात गेली, त्यांच्या घरी लेथवर एक सूत इकडचे तिकडे झाले तर काय होते हे मुलाबाळांनाही ठाऊक असते. फिल्म दर सेकंदास ठरावीक वेळा पुढे सरकली पाहिजे, क्षणभर निश्चल राहिली पाहिजे आणि तेवढ्याच क्षणी झडप उघडली पाहिजे. हे सारे ज्या माणसाने पडदे रंगविणाऱ्या हातांनी साधले, तो जातीचा कारागीर होता.

महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले व फत्तेलाल यांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट १९२८ साली दिग्दर्शित केला. पुढल्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, या दोघांनी शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ची स्थापना केली. मूकपट मागे पडून बोलपट आला, तेव्हा ध्वनिलेखनाची जबाबदारी दामल्यांनी उचलली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून प्रभातच्या चित्रपटांतील शब्द आणि गाणे कानांवर स्वच्छ पडते, त्याचे श्रेय त्यांचे. पडद्यावर त्यांचा चेहरा नाही. पण आवाजाच्या प्रत्येक कणावर त्यांचा हात फिरलेला आहे. १९३३ साली कंपनी पुण्यास आली.

आता ‘संत तुकारामा’विषयी थोडे सविस्तर लिहिण्याची मुभा वाचकांनी द्यावी. हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात १९३६ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला आणि तेथे वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे सर्वश्रुत आहे. आम्हांस नवल वाटते ते निराळ्याच गोष्टींचे. तुकोबांच्या भूमिकेसाठी निवड झाली ती विष्णुपंत पागनीस यांची, म्हणजे रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या नटाची. आवलीचे काम केले गौरी यांनी; त्याही नामांकित अभिनेत्री नव्हत्या, किरकोळ भूमिकांतून पुढे आलेल्या होत्या. शांताराम आठवले यांनी अभंगाच्या धाटणीवर रचलेले पद तर इतके बेमालूम उतरले की जाणती माणसेही ते तुकोबांचेच समजली. नट म्हणून मिरवणारा येथे कोणी नाही, आणि कॅमेराही आपले अस्तित्व जाणवू देत नाही.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात पांढऱ्या चादरीवर हा चित्रपट आम्ही प्रथम पाहिला. आमच्या पिढीची मराठी हिंदीच्या संगतीने बरीच वाकलेली. अभंगांतील निम्मे शब्द आम्हां पोरांना कळले नाहीत. परंतु आजारी पोराच्या काळजीने जीव उडालेली आवली पायातील वहाण हाती घेऊन थेट विठ्ठलाच्या अंगावर धावून गेली, तेव्हा त्या दाटीवाटीत एकही पोर असे नव्हते की ज्याला काही समजावून सांगावे लागले. आयाबाया हसत होत्या आणि पदराने डोळेही टिपत होत्या. शेवटी तुकोबा वैकुंठास निघतात, आणि आवली संसारासाठी मागे राहते. देवाने धाडलेले विमान दिसते खरे. पण आमचे लक्ष गेले ते खाली उभ्या राहिलेल्या बाईकडे. दूरदेशी नोकरीस गेलेल्याचे घर ज्यांनी सांभाळले, त्या आमच्या आज्यांना ती कशी दिसली असेल, हे आम्हांस पुष्कळ उशिरा सुचले.

चमत्कारांविषयीही एक मत नोंदवितो. १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागे, तेव्हा सारी आळी घरात बसे. त्या मालिकेविषयी आमच्या मनात ममत्व आहेच. परंतु तेथे बाण सुटण्यापूर्वीच चमत्काराची चाहूल लागते. प्रकाश पडतो, वाद्ये वाजू लागतात. दामले-फत्तेलालांचा चमत्कार घरातल्या कामासारखा घडतो, दळणकांडणाच्या मध्येच. यंत्राच्या आतली चाके ज्याला ठाऊक, त्याला यंत्राचे अप्रूप दाखवावे लागत नाही. उणे सांगावयाचे तर सालोमालोची भूमिका फारच भडक आहे. तेवढा खलपुरुष त्या साध्या चित्रपटास झेपत नाही.

त्यानंतर या जोडीने ‘गोपाल कृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) दिग्दर्शित केले. ‘संत सखू’त (१९४१) राजा नेने त्यांच्या जोडीला होते. ‘ज्ञानेश्वरा’तील चालती भिंत पाहून लोक थक्क झाले. आम्हांस मात्र तेथे कारागिरी अधिक आणि आवली उणी वाटते. तो चित्रपट हिंदीतही निघाला. ‘तुकाराम’ मराठीतच घडला, आणि त्याची बोली बदलून तो तसाच उभा राहिला असता असे आम्हांस वाटत नाही.

१९४२ साली शांतारामबापू प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल स्थापन केले. ५ जुलै १९४५ रोजी विष्णुपंत गेले. वय अवघे बावन्न वर्षांचे. प्रभात त्यानंतर फार वर्षे टिकली नाही. तिच्याच आवारात १९६० साली चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. हातचे गेलेले प्रभातचे चित्रपट दामल्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी पुढे परत मिळविले.

साहेबमामांनी १९५५ साली ‘जगद्गुरू शंकराचार्य’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. दिग्दर्शकाच्या जागी तेव्हा त्यांचे एकट्याचे नाव होते. १९६४ साली तेही गेले.