थॉमस हेअर

थॉमस हेअर (२८ मार्च १८०६ – ६ मे १८९१) हे इंग्लंडमधील बॅरिस्टर व निवडणूक सुधारणेचे पुरस्कर्ते होते. संसदेतील प्रतिनिधित्व देशभरातील एकूण मतांच्या आधारे ठरावे, हा विचार त्यांनी पद्धतशीरपणे मांडला.

हेअर १८३३ मध्ये बॅरिस्टर झाले. १८५३ पासून त्यांनी धर्मादाय संस्थांचे निरीक्षक म्हणून दीर्घकाळ सरकारी सेवा केली.

पराभूत उमेदवाराला पडलेली मते संसदेत कोठेच उमटत नाहीत, ही गोष्ट त्यांना खटकत असे. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सर्व देश हाच जणू एक मतदारसंघ मानला. एकूण मतांना जागांच्या संख्येने भागावे. येणारा आकडा म्हणजे एका प्रतिनिधीचा कोटा. समजा, ६५४ जागांसाठी ६ लाख ५४ हजार मते पडली, तर १,००० मतांना एक प्रतिनिधी मिळेल. मतदाराने देशातील कोणत्याही उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा आणि कोट्याहून अधिक झालेली मते पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे जावीत, अशी ही योजना होती. (डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे यांनी १८५५ मध्येच अशी पद्धत स्वतंत्रपणे अमलात आणली होती.)

देशव्यापी बेरीज म्हटली की आज पक्षांची टक्केवारी डोळ्यांपुढे येते. हेअर यांच्या योजनेत मात्र पक्षांना स्थान नव्हते. त्यांना हवी होती ती मतदाराची पक्षापासून मुक्तता. त्यांच्या नावाचा कोटा पुढे पक्षांच्या याद्यांना जागा वाटण्यासाठी वापरला जाऊ लागला, हा विरोधाभासच म्हणावा लागेल.

जॉन स्टुअर्ट मिल या योजनेने भारावून गेले. त्यांनी १८६७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये ती मांडली, पण ती मान्य झाली नाही. वॉल्टर बॅजहट यांचा आक्षेप अधिक मार्मिक होता: स्थानिक मतदारसंघ मोडले, तर मते जुळवणाऱ्या पक्षव्यवस्थापकांचेच प्राबल्य वाढेल. ब्रिटनने ही योजना स्वीकारली नाही. टास्मानियात मात्र अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांच्या प्रयत्नांनी तिचे सुधारित रूप रुजले. तेथेही सर्व प्रदेश एक मतदारसंघ न करता बहुसदस्यीय मतदारसंघ ठेवले गेले.

भारतात लोकसभेच्या जागा पक्षाच्या देशभरातील मतांवरून ठरत नाहीत. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी निरक्षरता व सरकारचे स्थैर्य ही कारणे देऊन प्रमाणशीर प्रतिनिधित्वास विरोध केला होता. राज्यसभेसाठी मात्र आमदार पसंतीक्रमानेच मत देतात; तेथील कोटा हेअर यांच्या कोट्याहून लहान असतो.