कल्याणची यमू, फिलाडेल्फियाची विद्यार्थिनी

मुरबाडहून एसटीने आणि शहापूरकडून आसनगावच्या लोकलने सकाळी कल्याणात उतरणाऱ्या गर्दीत पाठीवर जड दप्तर घेतलेली अनेक मुले-मुली असतात. बारावी सायन्स, त्यापुढे प्रवेश परीक्षा आणि जमलेच तर डॉक्टरकी, हा त्यांचा ठरलेला रस्ता. याच कल्याणातील जोशी घराण्याची एक मुलगी 1883 मध्ये वैद्यकीच्या शिक्षणासाठी एकटी अमेरिकेला गेली, तेव्हा असा कुठलाच रस्ता अस्तित्वात नव्हता. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर कादंबरी आली, मालिका झाली, 2019 मध्ये चित्रपटही आला. त्यामुळे त्यांच्या आयुष्याची मोठी वळणे बहुतेकांना तोंडपाठ आहेत. मात्र त्या तीन वर्षांत त्या राहत कशा होत्या, खात काय होत्या, थंडीत अभ्यास कसा करीत होत्या, हा भाग काहीसा झाकोळलेलाच राहिला आहे.

जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचे नाव यमुना, घरात यमू. वडील गणपतराव जोशी. रेल्वे 1854 मध्येच कल्याणला पोचली होती, पण मुलीच्या हाती पाटी देण्याची कल्पना अजून घरोघरी पोचलेली नव्हती. वयाच्या नवव्या वर्षी यमूचे लग्न झाले. नवरा, गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात नोकरीला, बिजवर आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. आपण बायकोला शिकविणार, ही त्यांची लग्नाआधीपासूनची अट होती. सासरी यमूची आनंदी झाली आणि तिच्या शिक्षणाला सुरुवात झाली.

हे शिक्षण सुखाचे नव्हते. गोपाळराव विक्षिप्त आणि तापट होते. मुलीचे लक्ष अभ्यासातून उडाले की त्यांचा हात उठे. दहा-बारा वर्षांच्या वयात सोसलेल्या माराची, अंगावर भिरकावलेल्या वस्तूंची आणि सोडून जाण्याच्या धमक्यांची आठवण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात नवऱ्यालाच स्पष्ट शब्दांत करून दिली. मात्र त्याच पत्रव्यवहारात, आपण जे काही झालो ते त्यांच्यामुळेच, असेही त्यांनी मानले आहे. आजच्या वाचकाला या दोन गोष्टी एकत्र गिळणे जड जाते. त्यांतली एक वगळून सांगितलेले चरित्र मात्र खोटे ठरेल.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या मनातून कधी गेली नाही. बाळंतपणात आणि आजारपणात पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे बायका पत्करीत, हे त्या पाहत होत्या. स्त्रियांना स्त्री डॉक्टरच हवी, हा त्यांचा निश्चय इथला.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता, श्रीरामपूर अशी भ्रमंती झाली. वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वीची त्यांची तयारी म्हणावी तर ती एवढीच: कुठे मिशनऱ्यांची शाळा, कुठे घरचा अभ्यास, आणि रस्त्याने पुस्तके घेऊन चालताना लोकांच्या नजरा व टोमणे. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याकडे मदत मागितली. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका धार्मिक मासिकात छापून आला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी कोल्हापूरच्या अनोळखी मुलीला पत्र पाठविले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या आणि ते नाते शेवटपर्यंत टिकले.

जाण्याची वार्ता पसरताच टीका सुरू झाली. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाई इंग्रजीतून भाषणाला उभ्या राहिल्या. अमेरिकेलाच का, एकटीच का, जातीने वाळीत टाकले तर काय, अशा एकेका प्रश्नाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही बजावले. 7 एप्रिलला कोलकात्याहून जहाज निघाले आणि 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जहाजावर शाकाहारी अन्नाची पंचाईत होती, सोबतच्या मिशनरी बायकांचा धर्मांतराचा आग्रह निराळाच. उन्हाळा मावशींच्या घरी गेला. आयुष्यातला हाच काय तो निश्चिंत काळ.

फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज 1850 मध्ये सुरू झालेले, केवळ स्त्रियांसाठीचे. प्रवेशासाठी लागणारी पूर्वतयारी आपल्यापाशी नियमांनुसार पुरी नाही, हे आनंदीबाईंनी अर्जात लपविले नाही. देशभगिनींना ज्याची निकड आहे ते शिक्षण घेण्याचा निर्धार हेच त्यांचे मुख्य भांडवल होते. कॉलेजने प्रवेशाबरोबर तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. रसायनशास्त्र शिकविणाऱ्या डीन रेचल बॉडले यांचा त्यांच्यावर विशेष लोभ जडला.

ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले आणि पाठोपाठ थंडी आली. भाड्याच्या खोलीतली शेकोटी नीट पेटत नसे. पेटविली तर खोलीभर धूर, विझविली तर हाडे गोठविणारा गारठा. यातले एक पत्करून पुस्तकात डोके घालायचे, हा रोजचा प्रश्न. जेवण तर हातानेच रांधायचे, कारण मांसाहार वर्ज्य. दिवसभर व्याख्याने आणि शवविच्छेदन, संध्याकाळी दमून आल्यावर चूल, त्यानंतर वाचन. अशात कित्येकदा अर्धपोटीच राहावे लागे. नऊवारीत पायाच्या पोटऱ्या उघड्या राहत. त्या हवेत ते परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. विदेशी पोशाख मात्र स्वीकारला नाही. इतका साधा बदलही नवऱ्याला पत्रातून समजावून सांगावा लागला. गोपाळरावांच्या पत्रांत संशय आणि बोचरेपणा असे. आजारी शरीराने अभ्यास करणाऱ्या मुलीला ती पत्रे वाचून पुन्हा दुसऱ्या दिवशीच्या वर्गाला जायचे असे.

प्रकृती मुळात नाजूक, डोकेदुखी आणि अशक्तपणा भारतापासूनचाच. पहिल्याच हिवाळ्यात त्यांना घटसर्पाने गाठले. त्यातून त्या उठल्या, पण पूर्ववत झाल्या नाहीत. क्षयाने त्यांना नक्की केव्हा धरले हे सांगता येत नसले, तरी धूर, गारठा आणि उपासमार यांनी त्याला वाट करून दिली असावी, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

ऑक्टोबर 1885 मधले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. एका कॉलेजात जगाच्या तीन टोकांहून आलेल्या या मुली! त्याच वर्षी गोपाळरावही अमेरिकेत आले आणि पाश्चात्त्यांवर झोड उठविणारी व्याख्याने देत फिरले. ज्यांच्या घरचे मीठ आपण खाल्ले त्यांनाच नवऱ्याने दूषणे द्यावीत, याचा आनंदीबाईंना मोठा संकोच होई.

11 मार्च 1886 रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, हे येथे नोंदविणे न्याय्य ठरेल. पुढच्या वर्षी आलेले रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण झाले, आणि त्याची प्रस्तावना बॉडलेंनी लिहिली.

कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा त्यांना देऊ केली होती. नोव्हेंबर 1886 मध्ये त्या मुंबईत उतरल्या त्या अंथरूण धरण्याच्या अवस्थेतच. पूर्वी शेण मारणारे हात आता हारतुरे घेऊन आले होते, पण उपचार लागू पडत नव्हते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसलाही महिना कमी. एकही रुग्ण स्वतंत्रपणे तपासण्याची संधी त्यांना आपल्या देशात मिळाली नाही, आणि कोल्हापूरच्या जागेवर त्या कधी रुजू झाल्या नाहीत.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशींकडे अमेरिकेला पाठविल्या. कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा आशयाची ओळख तिथल्या दगडावर कोरलेली आहे.