दादा केळूसकर : बाबासाहेबांना बुद्धचरित्र देणारे गुरुजी

उपासक-उपासिकांनो, आपल्या घराघरांत तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर शेजारी शेजारी असते. पण बाबासाहेबांच्या हाती बुद्धाचं चरित्र पहिल्यांदा कुणी ठेवलं, असं पोरांना विचारलं तर ती आपल्याच तोंडाकडे बघतात. पोरांचं सोडा, आम्हालाही ते फार उशिरा कळलं.

ते होते कृष्णराव अर्जुन केळूसकर. जन्म १८६० सालचा, वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा. मुंबईत विल्सन हायस्कूलात ते शिकवीत आणि चरित्रं लिहीत. १८९६ साली संत तुकारामांचं, १८९८ साली गौतम बुद्धाचं, १९०६ साली छत्रपती शिवाजी महाराजांचं. ही मोठी कामं त्यांनी मास्तरकी सांभाळून केली.

संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत जात. तिथं एक मुलगा शाळा सुटल्यावर पुस्तकात डोकं घालून बसलेला दिसे. गुरुजींनी चौकशी केली. मुलगा भीमराव, एल्फिन्स्टन हायस्कूलचा. म्हणजे केळूसकरांच्या हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं, त्याच्या पास-नापासाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तरी ते त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले. सुभेदार रामजीबाबांशीही त्यांचा स्नेह होता.

पुढं भीमराव परीक्षा पास झाला आणि समाजाच्या लोकांनी सत्काराची सभा घ्यायचं ठरवलं. रामजीबाबा तयार होईनात. एवढ्यावर कौतुक झालं तर पोराच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती. लोक केळूसकरांकडे गेले, त्यांनी रामजीबाबांची समजूत घातली, सभा झाली आणि शेवटी त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावाला भेट दिलं. चरित्रकार सांगतात, ही सभा १९०७ ची, मॅट्रिकची, अध्यक्ष सीताराम केशव बोले. बाबासाहेबांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथीची परीक्षा आणि अध्यक्ष दादा केळूसकर असं लिहून ठेवलं आहे. आम्ही बाबासाहेबांचं म्हणणं धरतो. पुस्तक कुणी दिलं याबद्दल तर वाद नाहीच.

नुसतं पुस्तक देऊन गुरुजी थांबले नाहीत. इंटरनंतर घरात पैसा नाही म्हणून शिक्षण अडलं, तेव्हा त्यांनी भीमरावाला सयाजीराव गायकवाड महाराजांच्या भेटीला नेलं. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली भीमराव अमेरिकेला गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर.

गुरुजी १९३४ साली वारले. येवल्याची घोषणा झाली १९३५ साली. आपण दिलेल्या पुस्तकाचं पुढं काय झालं, ते त्यांनी पाहिलं नाही.

पण शिष्य विसरला नाही. १९५६ साली, शरीर थकलेलं असताना, बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली. त्यात ती सभा, रामजीबाबांचा नकार, ते पुस्तक, सगळं आलं. दादा केळूसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकामुळे आपण बुद्धाकडे वळलो, हे त्यांनी उघड मान्य केलं. शिक्षकाला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती मिळणार? दैव असं की १९५७ साली ग्रंथ छापून आला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली.

हे लिहिताना आमचीच मान खाली जाते. आमच्यापैकी कितीतरी जण याच विहाराच्या ओट्यावर एका गुरुजींकडे फुकट शिकलो. नोकऱ्या लागल्या, आम्ही दुसरीकडे राहायला गेलो. गुरुजी आजारी आहेत हे कानावर आलं होतं. येत्या रविवारी जाऊ म्हणत राहिलो आणि गेलो ते त्यांच्या पुण्यानुमोदनालाच.

केळूसकरांच्या बुद्धचरित्राची एक प्रत यंदा विहाराच्या कपाटात आणून ठेवली आहे. दहावीच्या मुलामुलींनी वहीत नाव लिहून ती घरी न्यावी. पंधरा दिवसांनी परत करावी, दुसरे थांबलेले असतात.