विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, सांख्यिकीतज्ज्ञ, निसर्ग-अभ्यासक आणि ब्रिटिश संसद सदस्य होते. १८२४ ते १८३१ या काळात त्यांनी दख्खनमधील लोकसंख्या, जमीनधारणा, हवामान, पक्षी व प्राणी यांच्या पद्धतशीर नोंदी केल्या. दख्खनच्या नद्यांतील माशांवरील त्यांचा निबंध हा या विषयाचा पाया मानला जातो. गळाने मासेमारी करणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध असलेल्या दख्खनी महसीर (टॉर खुद्री) या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांनीच केले.

सैनिकी कारकीर्द

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाला. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षीच ते मुंबई सैन्यात दाखल झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांच्या हाताखाली ते भरतपूरच्या वेढ्यात होते. इंग्रज-मराठा संघर्षाच्या अखेरच्या पर्वात, १८१७ मध्ये, खडकी आणि पुणे येथील लढायांत त्यांनी हिंदी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व केले. पुढे दख्खनमधील डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही त्यांचा सहभाग होता. १८२० मध्ये ते युरोपच्या प्रवासास गेले.

दख्खनचे सर्वेक्षण

ऑक्टोबर १८२४ मध्ये ते मुंबईस परतले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तनिवेदक म्हणून नेमणूक केली. पेशवाई संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि नव्या मुलखाचा हिशेब सरकारला हवा होता. साइक्स यांनी मात्र महसुलाच्या आकड्यांवर काम थांबवले नाही. तापमान, हवेचा दाब, पाऊस, पिके, पक्षी, सस्तन प्राणी, लेणी असे जे दिसेल ते त्यांनी नोंदवून ठेवले.

डिसेंबर १८२९ मध्ये हे पद रद्द झाले. काम अर्धवट होते. साइक्स यांनी रजा घेऊन ते चालू ठेवले आणि जानेवारी १८३१ मध्ये अहवाल पूर्ण केले. त्यानंतर ते मायदेशी गेले आणि १८३३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. दख्खनच्या चार जिल्ह्यांविषयीचा त्यांचा सांख्यिकी अहवाल १८३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची सूची १८३२ ची आहे. महाराष्ट्रात पाणवठ्याच्या काठी सर्वत्र दिसणारा, मुंबई उपनगरांतील पवईच्या तलावावरही नित्य आढळणारा वंचक या बगळ्याला शास्त्रीय नाव त्यांनीच दिले. एका रातव्याच्या नावात त्यांनी ‘माहराट्टेन्सिस’ हा शब्द योजला. साइक्सचा चंडोल हा पक्षी आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

दख्खनचे मासे

भीमा, मुळा-मुठा, घोड, इंद्रायणी या नद्यांतून गोळा केलेल्या ४६ जातींच्या माशांचे वर्णन साइक्स यांनी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडले. त्याचा सारांश १८३९ मध्ये आणि चित्रांसह पूर्ण निबंध १८४१ मध्ये छापला गेला. यांतील बहुतेक जाती शास्त्राला नव्या होत्या.

या निबंधाचे वेगळेपण नावांत आहे. लंडनमधील ओगिल्बी, व्हिगर्स यांसारख्या विद्वानांची नावे साइक्स यांनी काही माशांना दिली खरी. परंतु पुष्कळ ठिकाणी त्यांनी स्थानिक लोकांच्या तोंडचे मराठी नावच लॅटिन नावाच्या जोडीला बसवले. शिंगटी, मळ्या, कोळस, नुक्ता ही नावे अशा रीतीने जगभरच्या मत्स्यशास्त्रात गेली. स्पेलिंगमध्ये ती काहीशी वाकडीतिकडी झाली, तरी ओळखू येतात. ही नावे ज्यांनी सांगितली त्या भोयांची व कोळ्यांची नावे मात्र त्यात आली नाहीत.

खुद्री हा मासा त्यांनी पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८ मैलांवरील मुळा-मुठेच्या पात्रातून नोंदवला. तेच त्या जातीचे मूळ स्थान होय. आज नदीचा हा भाग पुणे शहराच्या सांडपाण्याने प्रदूषित आहे.

नंतरचे जीवन

१८३४ मध्ये साइक्स रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १८६३ ते १८६५ या काळात ते तिचे अध्यक्ष होते. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी संसदेत ॲबर्डीनचे प्रतिनिधित्व केले. चीनमधील ताइपिंग बंडाच्या काळात त्यांनी ब्रिटिश सरकारच्या धोरणावर टीका केली होती.

महसीर आणि नावांचा घोळ

साइक्स यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १८७३ मध्ये, हेन्री सलिव्हन टॉमस यांचे भारतातील गळाच्या मासेमारीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि महसीरची शिकार हा इंग्रज अधिकाऱ्यांचा आवडता छंद बनला. कृत्रिम माशी गळाला लावून ट्राउट पकडण्याची त्यांची सवय येथे सहज भागण्यासारखी नव्हती. ट्राउटला थंड, वाहते पाणी लागते. निलगिरी आणि काश्मीरच्या ओढ्यांत तो बाहेरून आणून सोडावा लागला. दख्खनच्या उन्हाळ्यात तो तगणे शक्यच नव्हते.

पुढे महसीरही कमी झाला, तेव्हा ट्राउटसाठी रुळलेला उपाय त्याला लागू करण्यात आला. इंद्रायणीच्या खोऱ्यात लोणावळ्याजवळ टाटा वीज कंपन्यांच्या तलावांवर मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुळकर्णी यांनी टॉर खुद्रीच्या प्रजननाचा अभ्यास करून तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. पावसाळ्यात मादीच्या पोटातून अंडी काढून, ती फलित करून, वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवली जात. येथील पिल्ले देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. कावेरी ही त्यांपैकीच एक.

कावेरीत मोठा उंचवट्याचा महसीर मूळचाच होता. शास्त्रज्ञांनी त्याला अनेक वर्षे टॉर मुसुल्ला म्हटले. हे नाव साइक्स यांनी दख्खनच्या एका माशाला दिलेले होते. त्यांनी वर्णिलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने उपलब्ध नसल्याने चित्र आणि वर्णन यांवरच अभ्यासकांची भिस्त होती. साइक्स यांचा मुसुल्ला हा महसीर नसून वेगळ्याच प्रजातीगटातील मासा आहे, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे कावेरीचा महसीर काही काळ नावाविनाच राहिला. सोडलेल्या खुद्रीची संख्या तेथे वाढत गेली आणि मूळचा मासा दिसेनासा होऊ लागला. तो टॉर रेमादेवी ही जात असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी तिची नोंद जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून करण्यात आली.