ताराबाई मोडक
ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतीय बालशिक्षणतज्ज्ञ होत्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीचे कार्य केले. या पद्धतीची महागडी साधने गरिबांना परवडणारी नव्हती. म्हणून १९४५ साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवण्यात आली; हीच अंगणवाडी होय. बिया, पाने, शिंपले ही तिची साधने ठरली. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण पुरस्कार मिळाला. त्यांच्या निधनानंतर १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले.